पेशंट एक, पाहुणे फार

आमच्या हरसूलमध्ये सिनेमा सुचवणं हे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं काम आहे. जमलं तर श्रेय त्यांच्या नशिबाचं. फसलं तर तुमच्या नावाने गावभर बोंब. म्हणून शहाणी माणसं 'असेल बुवा, मी काही पाहिला नाही' म्हणून अंग काढून घेतात. मी पडलो शाळामास्तर. मास्तरला 'मला माहीत नाही' म्हणायची सोय नसते.

आधी हरसूलचा खुलासा केलेला बरा. हरसूल म्हटलं की बाहेरच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरचं मध्यवर्ती कारागृह आठवतं आणि तो आपल्याकडे जरा निरखून बघायला लागतो. ते हरसूल वेगळं. आमचं हरसूल नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. वाघेरा घाटाच्या अलीकडे की पलीकडे, हे तुम्ही कुठून येताय त्यावर ठरतं. इथे कोणाला कोंडत नाहीत. पावसाळ्यात वीज आणि रेंज आपापल्या मर्जीने रजेवर जातात, तेवढीच काय ती शिक्षा.

थेटर म्हणजे नाशिक, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. तिकिटापेक्षा जाण्यायेण्याचा खर्च जास्त, आणि परतीची शेवटची गाडी सिनेमा संपायच्या आत सुटणारी. त्यामुळे सिनेमाचा शेवट न पाहताच उठून आलेली एक अख्खी पिढी आमच्याकडे नांदते आहे. आमच्या थोरल्या काकांच्या मते 'शोले'मधला अमिताभ अजून जिवंत आहे. पुढे टीव्ही आला, मोबाइल आला, कितीदा तरी सांगून पाहिलं. पण काका म्हणतात, मी पैसे मोजून पाहिलाय, तुम्ही फुकटात. आता यावर काय बोलणार?

तर हल्ली सगळं मोबाइलवर आलं आणि माझ्यामागे फर्माइशींचा ससेमिरा लागला. 'गुरुजी, एखादा चांगला पिक्चर सांगा ना. घरात सगळ्यांना बसून पाहता आला पाहिजे.' अटी ऐका. हसवणारा पाहिजे, पण वाह्यात नको. अर्थ पाहिजे, पण भाषण नको. थोडं रडू आलं तर चालेल, पण पुरुषांच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा उजेड कमी पाहिजे. मारामारी नको, त्याने पोरं बिघडतात. आणि मारामारी अजिबातच नसेल तर पोरं बसत नाहीत. एवढ्या अटींत बसणारा सिनेमा मला तरी एकच ठाऊक आहे. मी सांगतो, 'व्हेंटिलेटर' बघा.

समोरच्याचा चेहरा पडतो.

यात त्यांचा दोष नाही. सिनेमा आला ४ नोव्हेंबर २०१६ रोजी. तेव्हा हे नाव ऐकून आमच्याकडे कोणाला काही वाटलं नसतं. मग आला कोरोना, आणि जे यंत्र उभ्या पंचक्रोशीत कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्याची चौकशी शेताच्या बांधावरसुद्धा सुरू झाली. कुठे शिल्लक आहे, कोणाच्या ओळखीने मिळेल, कोणाला लावलं, कोणाचं काढलं. त्यानंतर हे नाव घेऊन 'बघा, फार हसाल' म्हणणारा माणूस एक तर निर्दय असणार, नाहीतर मास्तर. आमचा मेडिकलवाला तर हात जोडून म्हणाला, 'गुरुजी, त्यापेक्षा भुताचा सांगा.'

तरी मी हट्ट सोडत नाही.

गोष्ट अशी. कामेरकर नावाचं भलंथोरलं कुटुंब, मूळ कोकणातलं. त्यातले वडीलधारे गजूकाका एकाएकी कोमात जातात आणि मुंबईच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर असतात. गणपती अगदी तोंडावर आलेले. बातमी फुटते आणि निघतात सगळे: सख्खे, चुलत, मावस, आते, आणि नेमके कोणाचे कोण हे कोणालाच न सांगता येणारे. मधला बोळ भरतो, जिना भरतो. खाटेवरचा माणूस गप्प, आणि बाहेर बोलायला सगळा गोतावळा. आता पेच बघा. काका गेले तर सुतक, आणि सुतक म्हणजे घरच्या गणपतीवर पाणी. काका राहिले, तर कितपत राहिले आणि किती दिवस यंत्राच्या जिवावर ठेवायचे? हे सरळ कोणी कोणाला विचारत नाही. 'डॉक्टर काय म्हणाले?' या निरुपद्रवी प्रश्नाच्या पोटात मूर्तीच्या ऑर्डरपासून रेल्वेच्या तिकिटांपर्यंत सगळं असतं.

गजूकाकांचा मुलगा प्रसन्न म्हणजे जितेंद्र जोशी. राजकारणात धडपडणारा, बापाशी जन्माचं बिनसलेलं. पुतण्या राजा म्हणजे आशुतोष गोवारीकर. हा कुटुंबातला सिनेमावाला, त्यामुळे दवाखान्यातही लोक त्याला भूमिका मागायला कमी करत नाहीत. 'लगान' आणि 'स्वदेस' काढणारा माणूस कॅमेऱ्यासमोर इतका अवघडून, इतका घरगुती उभा राहू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं. बाकी सतीश आळेकर, सुलभा आर्य, उषा नाडकर्णी, अच्युत पोतदार, सुकन्या कुलकर्णी, विजू खोटे, अशी पडद्यावर नुसती रीघ. विजू खोटे दिसले तेव्हा आमचे थोरले काका ताडकन उठून बसले. कालिया मेलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो प्रसंग शेवटच्या गाडीच्या बराच आधी येतो. 'हा इथे कसा?' त्यांनी विचारलं. कलाकार आणि पात्र यांतला फरक समजावून सांगेपर्यंत पडद्यावर दोन भांडणं होऊन गेली.

आळेकर तिथे आहेत याचं मला फार कौतुक वाटतं. या माणसाने १९७४ साली 'महानिर्वाण' लिहिलं. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच उठून कीर्तन करतो, आणि चाळकरी त्याच्या अंत्यविधीच्या गोंधळात दंग. मरणाच्या दारात उभं राहून हसायचा परवाना मराठीत ज्यांनी काढून ठेवला त्यांतला हा एक. तो या दवाखान्यात येऊन बसला की सिनेमाला घरातला वडील मिळतो. दिग्दर्शक राजेश मापुसकर हे राजकुमार हिराणींच्या हाताखाली तयार झालेले. आधी 'फरारी की सवारी' केला, मग हा. निर्माती प्रियांका चोप्रा. ती यात क्षणभर दिसते, आणि एक गाणंही तिने मराठीत म्हटलंय. आमच्या शाळेतल्या पोरांना एवढं सांगितलं तरी ती बघायला तयार होतात. गजूकाकांचं पुढचं पुढे.

पण मी हा सिनेमा सुचवतो तो नटांसाठी नाही, बोळातल्या त्या गर्दीसाठी. आजारावरचे बहुतेक सिनेमे खाटेपाशी बसतात. पेशंट गोड बोलतो, खिडकीबाहेर बघतो, डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसतो. 'आनंद' मलाही आवडतो, पण राजेश खन्नाचे चार सख्खे नातेवाईक जर तिथे येऊन बसले असते तर त्याला तेवढं बोलायला मिळालं असतं का, याचा विचार करावा. आपल्याकडे आजारपण पेशंटचं नसतंच मुळी. ते नातेवाइकांचं असतं. पेशंटने फक्त निमित्त पुरवायचं.

खरं वाटत नसेल तर हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयाबाहेर एखादी सकाळ काढा. पाड्यावरून जीप येते. आधी एक आजीबाई उतरतात, वाटतं याच पेशंट. नाही, त्या सोबतीला. मग दोघे म्हातारे, मग बायका, मग पोरं, मग टपावरची दोन गडी माणसं, आणि सगळे उतरल्यावर आतून ओरडा होतो: 'अरे, याला घ्या आधी!' तो पेशंट. नागलीच्या भाकरींचं गाठोडं मात्र त्याच्याआधी उतरलेलं असतं. गाठोड्याच्या आकारावरून मुक्काम किती रात्रींचा ते कळतं. उडदाचं भुजं डब्यात असेल तर दुखणं साधं. नुसती भाकरी आणि खुरासणीची चटणी असेल तर घाईने निघालेत, प्रकरण गंभीर.

मग सुरू होते ती चौकशी. 'सलाईन लावलं का?' हा पहिला सवाल. सलाईन लावलं म्हणजे इलाज सुरू. न लावता गोळ्या देऊन घरी पाठवलं तर डॉक्टर नवीन आहे असं ठरतं. वर टांगलेली ती बाटली, तिच्यातून ठिबकणारं पाणी आणि त्याकडे बघत बसलेले सातआठ जण. डोळ्यांना दिसणारा इलाज हाच खरा, यावर उभ्या गावाचं एकमत आहे. मेडिकलवाला सांगतो की बाटली संपत आली की लोक जास्त काळजीत पडतात, पेशंट बरा होत असला तरी.

भेटायला येणाऱ्याचं वाक्य ठरलेलं. 'आधीच आणायला पाहिजे होतं.' हे ज्याच्या तोंडून येतं तोच आठ दिवसांपूर्वी 'दवाखाना कशाला, भगताला दाखवू' म्हणाला होता. नंतर तो स्वतःच्या दुखण्याकडे वळतो. 'मला बी असंच झालं होतं, यापेक्षा जास्त.' पेशंटला जे झालंय ते आपल्याला आधी, आणि जास्त, झालेलं असणं हा आमच्याकडे सहानुभूतीचा सर्वोच्च प्रकार आहे. एकदा एका बाळंतिणीला भेटायला आलेला तिचा चुलतसासरा हेच वाक्य बोलून गेला. ती बिचारी टाके विसरून हसली, आणि मग टाके आठवून रडली. 'व्हेंटिलेटर'ची जात कोणती असं मला कोणी विचारलं, की मी तिची आठवण सांगतो.

आणि मग कधी कधी डॉक्टर सांगतात, 'नाशिकला हलवावं लागेल.' एवढ्या एका वाक्याने अंगणातली सगळी बैठक बदलते. १०८ ला फोन जातो. गाडीत पेशंटसोबत जेमतेम दोघे-तिघे जाऊ शकतात, आणि इच्छुक असतात पंधरा. कोण बसणार यावर जे काही होतं ते बघितलं म्हणजे तिकीटवाटपाच्या वेळी पक्षांच्या कचेऱ्यांबाहेर काय होत असेल ते समजतं. थोरल्याचा मान, धाकट्याचं शिक्षण, आत्याचं रडणं, मामाची सिव्हिलमधली ओळख. ही ओळख बहुतेक वेळा सायकल स्टँडवरच्या माणसाशी असते, पण त्या घटकेला तिला सिव्हिल सर्जनचं वजन येतं.

कोणी म्हणेल, सिनेमातल्या लोकांना माणूस मरणाच्या दारात असताना गणपतीची काय पडलीय? मलाही पहिल्यांदा हे थोडं ताणलेलं वाटलं होतं. मग आमच्याकडचं रावणाचं प्रकरण झालं.

आमच्या भागात उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्र रात्र संबळ वाजतो आणि देवादैत्यांची सोंगं नाचत येतात: गणपती, सारजा, मारुती, नरसिंह, राम, रावण. लाकडी मुखवटे, सोंगाचा मान घराण्याकडे, बापाकडून पोराकडे चालत आलेला. लांबच्या नात्यातले एक आजोबा रावण काढायचे. दहा तोंडांचा तो मुखवटा पेलणं येरागबाळ्याचं काम नाही. बोहाडा जवळ आला आणि आजोबांना छातीत कफ धरला, श्वास लागला. दवाखान्यात ठेवलं. नव्या डॉक्टरांनी केसपेपर भरताना सहज विचारलं, 'हे काय करतात?' सोबतचे चौघे एका सुरात म्हणाले, 'रावण आहेत.' डॉक्टरांनी पेन थांबवलं, चौघांकडे बघितलं आणि 'शेती' लिहिलं.

पुढचे दिवस त्या घरात आणि गावात एकच घोर. आजोबांचं काही बरंवाईट झालं तर घराला सुतक. सुतक म्हणजे रावण निघणार नाही. रावण नाही तर राम काय करणार? नुसता हिंडून परत जाणार? सोंगं ज्यांच्या घरची ती सगळी मंडळी रोज दवाखान्यात. प्रेम होतंच, खोटं कशाला बोला. पण प्रश्न विचारताना सुराला एक टोक असायचं: 'आजोबा, बरं वाटतंय ना? म्हणजे... उद्यापरवापर्यंत?' रामाचं सोंग ज्याच्याकडे तो तर मोसंबी घेऊन यायचा आणि स्वतःच्या हाताने सोलून भरवायचा. रामाने रावणाला मोसंबी भरवल्याचं कुठल्याच रामायणात नसावं.

आजोबा वाचले. पण मुखवटा पेलायची ताकद नव्हती, तेव्हा धाकट्या मुलाने पहिल्यांदा रावण काढला. आजोबांना घोंगडीत गुंडाळून पटांगणाच्या कडेला खाटेवर बसवलं होतं. पोरगा नाचत नाचत पुढ्यात आला तसे आजोबा खोकत ओरडले, 'अरे, रावण हाये तू! लाजतो काय सुनेसारखा?' संबळवाल्याचा ताल चुकला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यातल्या दोघी रडत होत्या. त्यांचं त्यांनाच काही कळत नसावं. सोंग वेळेवर निघावं ही काळजी आणि म्हातारा जगावा ही काळजी त्या घराने वेगवेगळी करून पाहिली नव्हती. कामेरकरांनी तरी का करावी?

हे काही आपल्यापुरतंच आहे असं नाही. २०१९ चा 'द फेअरवेल' नावाचा एक सिनेमा आहे, लुलू वँग या दिग्दर्शिकेचा. चीनमधल्या एका आजीला फुप्फुसाचा कर्करोग होतो. घरचे सगळे ठरवतात, आजीला सांगायचं नाही. भेटायला तर यायचं, पण संशय येऊ द्यायचा नाही, म्हणून घाईघाईने एका नातवाचं लग्न ठरवतात आणि जगभरातून वऱ्हाड गोळा होतं. नवरदेवाचा चेहरा बघण्यासारखा. दिग्दर्शिकेच्या स्वतःच्याच घरातली ही गोष्ट, आणि शेवटी कळतं की खऱ्या आजी निदान होऊन सहा वर्षं झाली तरी आहेतच. हे ऐकवल्यावर आमची आत्या म्हणाली, 'मग? सांगितलं असतं तर गेली असती.' आत्याचा खोटं बोलण्यावरचा विश्वास कोणत्याही औषध कंपनीने हेवा करावा असा आहे. आमच्याकडे पेशंटला कधीही काहीही झालेलं नसतं. 'गाठ हाये, जिरून जाईल.' 'थोडी कावीळ चढलीय.' पेशंटलाही सगळं ठाऊक असतं. तो ठाऊक नसल्याचं दाखवतो, कारण घरच्यांना वाईट वाटेल. दोन्ही बाजूंनी चाललेलं हे नाटक इतकं चोख वठतं की बोहाड्यात त्याचंही एक सोंग काढावं.

'व्हेंटिलेटर'ला २०१७ साली जाहीर झालेल्या चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तीन मान मिळाले: दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण. संकलनाचा पुरस्कार मला अगदी पटतो. एवढ्या नातेवाइकांना वेळेत आवरणं आमच्या घरात तर आजवर कोणाला जमलेलं नाही. त्याच पुरस्कारांत देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'कासव', तो नैराश्यावर. आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट 'दशक्रिया', तो पैठणच्या घाटावरच्या क्रियाकर्मावर. म्हणजे त्या वर्षी मराठी सिनेमाने उदास होण्यापासून आयसीयूमार्गे थेट दहाव्यापर्यंतची सगळी सोय करून ठेवली होती. बाहेरच्यांना वाटलं असेल, ही माणसं आहेत तरी कशी! पुढे २०१८ मध्ये 'व्हेंटिलेटर' गुजरातीतही झाला, जॅकी श्रॉफ आणि प्रतीक गांधी यांना घेऊन. आमच्यापासून गुजरातची हद्द काही लांब नाही. सोयरिकी तिकडे आहेतच, आता आजारपणंही सारखी निघाली.

यंत्र काढायचं की ठेवायचं, हा सिनेमातला प्रश्न तेव्हा कायद्याच्या दृष्टीनेही अर्धवट लोंबकळत होता. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर कृत्रिम आधार काढायला वाट दिली होती. पण माणसाने शुद्धीत असताना स्वतःच आधी लिहून ठेवावं, मला यंत्रावर ठेवू नका, याला मान्यता मिळाली ती ९ मार्च २०१८ रोजी. २०२३ मध्ये ती रीत आणखी सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी हे ओट्यावर सांगून पाहिलं. एक जण म्हणाला, 'गुरुजी, इथं सातबाऱ्यावरची आजोबांची नावं अजून उतरली नाहीत.' दुसऱ्याची शंका जास्त खोल होती. कागदावर लिहून ठेवलं आणि पोरांनी ते लगेच अमलात आणलं तर? खरी अडचण सहीची आहे. दवाखान्यातल्या कागदावर जो सही करतो तो पुढे जन्मभर 'यानेच सही केली' म्हणून ओळखला जातो, मग ती साध्या अपेंडिक्सची का असेना. म्हणून कागद पुढे आला की आमच्याकडची शिकलेली माणसंही एकदम चष्मा शोधायला लागतात. प्रसन्नच्या वाट्याला येतं ते हेच, आणि तिथे जितेंद्र जोशीने जे केलंय ते मी सांगणार नाही. बघा.

सिनेमात खोट नाही असं नाही. माणसं फारच आहेत. कोण कोणाचा साडू, हे उलगडेपर्यंत साडू निघून जातो. बाप आणि मुलगा एकमेकांशी धड बोलत नाहीत हे दाखवायला एक जोडी पुरली असती. इथे जो तो आपापल्या बापाची बाकी मांडून बसतो, आणि दुसऱ्या अर्ध्यात गाणी डोळ्यांना पाणी लावायचं काम जरा उघडउघड करतात. दवाखानाही भलताच चकचकीत. इतक्या स्वच्छ फरशीवर माणसाला फतकल मारून बसावंसं तरी वाटेल का, अशी शंका आत्याने बोलून दाखवली. पण गर्दीबद्दल तक्रार करायला मी धजत नाही. आमच्या अंगणातल्या गर्दीत तरी सगळे ओळखीचे कुठे असतात? एक गृहस्थ एकदा तीन दिवस आमच्या एका पेशंटच्या उशाशी बसून होते, भाकरी खात होते, रात्री पाय दाबत होते. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की ते शेजारच्या खाटेचे.

बघायचा कसा, तेही सांगून ठेवतो. एकट्याने मोबाइलवर बघू नका. यातले अर्धे विनोद शेजारी कोणीतरी 'अगदी आपला अमुक' म्हणेपर्यंत लागत नाहीत. घरात कोणी आजारी असेल तर पुढे ढकला. कोणी नुकतं बरं होऊन आलेलं असेल तर मात्र त्यालाच मधोमध बसवा. आम्ही आवणी आटोपल्यावर आत्याच्या घरी टीव्हीला मोबाइल जोडून पाहिला. बाहेर पाऊस, आत शेगडी, आणि माणसं इतकी की कामेरकर परवडले. मध्ये वीज गेली तेव्हा पुढे काय होईल यावर पैजा लागल्या, आणि वीज आल्यावर हरलेले तेच खरं हवं होतं म्हणून भांडू लागले. थोरले काका शेवटपर्यंत बसले, कारण गाडी पकडायची नव्हती. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'शेवट असा असतो होय!'

आत्याने मात्र त्याच संध्याकाळी जाहीर केलं की मला काही झालं तर असा बाजार भरवायचा नाही. मोजकी माणसं यावीत. कोण ते मी आत्ताच सांगते, मागाहून घोळ नको. मला वहीपेन घेऊन बसवलं. चार नावं झाली तोच धाकट्या काकूंनी विचारलं, आमचं नाव कुठे? काकूंना घेतलं म्हणून मावशी आल्या. मावशी आल्या म्हणून त्यांच्या जावेला वगळता येईना, कारण गेल्या खेपेला आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तिनेच डबा दिला होता. पान उलटलं. शेजारचे म्हणाले, आम्ही का परके? आत्या म्हणाली, लिही. जीपवाल्याचं नाव त्यात यावं की तो गाडीसोबत आपोआप धरायचा, यावर वाद झाला. वहीचं तिसरं पान चालू आहे, आणि काल पेठहून आत्याच्या नणंदेचा फोन आला होता: कसली तरी यादी करताय म्हणे, त्यात आमचे किती धरलेत?